हरण्या, टर्बियम आणि कूलरची मोटर : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

६ जानेवारी
सरांनी विषय मान्य केला. वहीत लिहिलंय : 'लँथॅनाइड आयनांच्या प्रकाशावरून न्यूक्लिइक आम्ल ओळखणे.' न्यूक्लिइक आम्ल म्हणजे डीएनए किंवा आरएनए. माझ्या डोक्यातलं नाव वेगळं आहे : 'हरण्या पकडणे.'

सावद्याजवळच्या आमच्या केळीच्या मळ्यात श्रावणात हरण्या हा रोग आला. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला. नानांनी दोनशेच्या वर रोपं उपटून गाडली. पुस्तकातलं नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस. आरएनएचा विषाणू, जनुकसंच तीन तुकड्यांत, पसरवतो मावा. नानांचा प्रश्न साधा होता : पट्टे दिसायच्या आधी कळेल का? बाहेरच्या प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर होतं, पण रिपोर्ट हाती येईपर्यंत मावा चार ओळी पुढे गेलेला असतो. तेव्हाची सहा पानं मी कॉलेजच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली आहेत. त्यातली दोन बाहेरून तपासून आणली, दोन्ही पॉझिटिव्ह.

लँथॅनाइडच का? नेहमीचा रंग, समजा फ्लुओरेसीन, चार नॅनोसेकंदांत विझतो. पानातलं क्लोरोफिल, प्लास्टिकची प्लेट, कागद यांचाही उजेड तेवढ्यातच संपतो. सगळे एकाच वेळी ओरडतात, मग कोणाचा आवाज कोणता ते कळत नाही. युरोपियम आणि टर्बियम हे लँथॅनाइड गटातले धातू मिलिसेकंदभर चमकत राहतात, म्हणजे लाखपट उशिरा विझतात. दिवा बंद करायचा, गलका संपू द्यायचा, मग बघायचं.

९ जानेवारी
टर्बियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट, रेणुभार ३७३.४. १०० मिलिला १० मिलिमोलरसाठी ०.३७३ ग्रॅम. हे मीठ ओल धरतं, म्हणून वजनावर भरवसा न ठेवता धातूचा आयन घट्ट पकडणाऱ्या ईडीटीएने टायट्रेशन केलं. सूचक झायलेनॉल ऑरेंज, हेक्झामीन बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६ च्या आसपास. बीएस्सीला झिंकसाठी केलेलं तेच. खरी तीव्रता ९.६ मिलिमोलर निघाली.

बफरवर सरांशी वाद झाला. मी फॉस्फेट काढून ठेवलं होतं. सर म्हणाले, आधी टेस्ट ट्यूबमध्ये घालून बघ. बघितलं. दुधासारखं पांढरं. लँथॅनाइडचे फॉस्फेट पाण्यात विरघळतच नाहीत. पीएच वाढवला तर हायड्रॉक्साइड खाली बसतो. राहिला तोच हेक्झामीन. कपाटात किलोभर पडलाय.

१६ जानेवारी
जळगावला स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटरवर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती चमक ते मोजणाऱ्या यंत्रावर, दोन तास मिळाले. पहाटेची बस, डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत.

टर्बियम आयन एकटा जवळजवळ काहीच शोषत नाही. त्याची एफ-एफ संक्रमणं, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनांच्या उड्या, नियमाने मना आहेत. रंगाच्या रेणूचा शोषणांक दहा-दहा हजारांत, याचा एकाच्याही खाली. म्हणून शेजारी कोणीतरी उजेड झेलून त्याच्या हवाली करणारा लागतो. युरोपियमच्या संयुगांत हे घडतं हे संशोधक वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवलं. आमच्याकडे झेलणारा आहे ग्वानीन, न्यूक्लिइक आम्लातलाच एक बेस. म्हणजे आरएनए स्वतःच अँटेना.

२७२ नॅनोमीटरच्या उजेडाने उत्तेजन दिलं, आरएनए टाकलं, ५४४ ला सुईसारखं शिखर. आनंदाने सरांना फोटो पाठवला. मग ब्लँक, म्हणजे आरएनए नसलेलं द्रावण, लावला. शिखर तसंच. नुसतं डिस्टिल्ड पाणी लावलं. तरी तसंच!

बसमध्ये परत येताना लक्षात आलं : २७२ ची दुप्पट ५४४. यंत्रात रंग वेगळे करणाऱ्या ग्रेटिंगचा दुसरा क्रम. क्युव्हेटवरून (नमुन्याच्या कुपीवरून) विखुरलेला दिव्याचाच उजेड दुप्पट तरंगलांबीवर दिसतो, आणि टर्बियमची मुख्य रेघ नेमकी ५४५ वर आहे. सरांना दुसरा फोटो पाठवला नाही, सरळ फोन केला. ते हसले. ब्लँक आधी लावायचा असतो, एवढंच म्हणाले.

२३ जानेवारी
आज २९० वर उत्तेजन. दुसरा क्रम ५८० ला गेला. शिवाय पुढे ३५० च्या खालचं अडवणारा फिल्टर. ब्लँक आधी.

यीस्टचं आरएनए टाकल्यावर ४९०, ५४५, ५८५, ६२० या चारही रेघा आल्या, ५४५ सगळ्यांत उंच. पहिला खरा उजेड.

मग सॅमन माशाचा डीएनए, दोन भाग. एक जसाच्या तसा, दुसरा ९५ अंशांवर दहा मिनिटं उकळून थेट बर्फात. दोन पदर सुटलेला चमकायला हवा, जोडलेला नाही. कारण जोडलेल्या डीएनएत ग्वानीन समोरच्या सायटोसीनशी बांधलेला असतो, टर्बियमला त्याच्यापर्यंत नीट पोचता येत नाही. म्हणूनच १९८० च्या सुमारास ही युक्ती सुटे बेस मोजायला वापरली गेली.

दोन्ही काळेकुट्ट. उकळलेलाही. अर्धा तास वाया, बसची वेळ झाली.

२७ जानेवारी
चोर सापडला. डीएनए टीई बफरमध्ये ठेवलेला होता. टीईमधला 'ई' म्हणजे ईडीटीए, १ मिलिमोलर. दोन मिलिमध्ये मी शंभर मायक्रोलिटर टाकलं, म्हणजे ईडीटीए झालं ४८ मायक्रोमोलरच्या आसपास. टर्बियम होतं २०. ईडीटीए टर्बियमला दहाच्या जवळपास अठराव्या घाताच्या ताकदीने पकडतं, डीएनएच्या वाट्याला कणही उरला नसणार. ज्या द्रावणाने नऊ तारखेला टर्बियम मोजलं, त्यानेच तेवीसला पळवलं. डीएनएला इथेनॉलने खाली बसवून ताज्या पाण्यात घेतलं.

३० जानेवारी
उकळलेला चमकला, न उकळलेला जवळपास ब्लँकसारखा. दोन आलेख एकाखाली एक चिकटवलेत. या वहीतलं आतापर्यंतचं सगळ्यांत देखणं पान.

६ फेब्रुवारी
आयुष्यमान, म्हणजे चमक किती वेळ टिकते ते, मोजण्याचा दिवस. सरांनी कुठूनशी जड पाण्याची (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) छोटी कुपी मिळवली. प्रत्येक थेंबाचा हिशोब द्यायचा आहे.

आप्पा आमचे लॅब अटेंडंट, अमळनेरकडचे, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. काल मी ग्लासवेअर तिसऱ्यांदा धुताना बघून विचारलं, "काय करी ऱ्हायनी माय?" म्हटलं, आप्पा, उजेड कमी येतोय. ते नळाकडे बघून म्हणाले, "पानीमाच खोट शे." त्यांना बोअरचं क्षारांचं पाणी म्हणायचं होतं.

पण खोट खरंच पाण्यात आहे, डिस्टिल्ड पाण्यातसुद्धा. आयनाला चिकटलेल्या पाण्याच्या रेणूतला ओ-एच बंध थरथरतो आणि आयनाची ऊर्जा चार-पाच हप्त्यांत उष्णता म्हणून घेऊन जातो. जड पाण्यातला ओ-डी बंध सावकाश थरथरतो, त्याला जास्त हप्ते लागतात, म्हणून तिथे उजेड टिकतो. दोन्हीकडच्या आयुष्यमानांवरून आयनाला किती पाणी चिकटलंय ते काढता येतं. हॉरॉक्स आणि सडनिक यांचं १९७९ चं सूत्र युरोपियमसाठी असं : १.०५ गुणिले, साध्या पाण्यातला दर वजा जड पाण्यातला दर. दर म्हणजे १ भागिले आयुष्यमान, वेळ मिलिसेकंदांत.

उघडा युरोपियम : साध्या पाण्यात ०.११ मिलिसेकंद, जड पाण्यात ३.२. उत्तर ९.२, म्हणजे नऊ रेणू.
डीटीपीए या ईडीटीएसारख्याच पकडणाऱ्या रेणूच्या मिठीतला युरोपियम : ०.६३ आणि २.२. उत्तर १.२, म्हणजे एकच.

डीटीपीएने आठ हात धरले, नववी जागा पाण्याला उरली. आयुष्य सहापट वाढलं. आप्पांना हे सांगितलं. "मंग मी काय सांगी ऱ्हायंतू?" म्हणाले आणि चहाला गेले.

१२ फेब्रुवारी
पानांवर आले. केळीच्या पानातून आरएनए काढणं हा स्वतंत्र छळ आहे. चीक कपड्यावर पडला की कपडा गेला, हे आम्हा केळीवाल्यांना लहानपणापासून माहीत. तोच चीक आणि त्यातले फिनॉल नळीत पाचच मिनिटांत तपकिरी होतात. त्यावर उपाय म्हणून सीटीएबी, पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं. वासामुळे सगळा कॉरिडॉर माझ्यावर नाराज. तिसऱ्या वेळी बऱ्यापैकी पांढरा गोळा मिळाला.

हरण्याचं पान चमकलं. निरोगी पानही चमकलं. जवळजवळ तेवढंच.

वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटायला नको होतं. पानाचं स्वतःचं रायबोसोमचं आरएनए ढिगाने असतं आणि त्यात सुटे ग्वानीन जागोजागी. टर्बियमला सुटा ग्वानीन कळतो, तो कोणाचा हे कळत नाही. विषाणूचं आरएनए त्या ढिगात थोडंसं. महिनाभर मी खुणेचा दिवा बनवला, पण तो कोणत्या दारावर लावायचा हे दिव्याला माहीतच नाही.

२० फेब्रुवारी
सरांशी लांब बोलणं. आता टर्बियम-ग्वानीन बाजूला. लेबल, म्हणजे चमकणारा आयन, एका प्रोबला, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्याला, बांधायचं आणि प्रोब विषाणूच्या अक्षरक्रमालाच जोडला जाईल असा घ्यायचा. सँडविच : एक प्रोब बायोटिनने प्लेटच्या तळाला धरलेला, मधे लक्ष्य, वर युरोपियम बांधलेला दुसरा प्रोब. धुतल्यावर जे उरेल तेच लक्ष्य.

युरोपियम प्रोबवर असताना जवळजवळ मुका, कारण डीटीपीएला अँटेना नाही. शेवटी आम्ल घालून त्याला सोडवायचं आणि नव्या साथीदारांच्या ताब्यात द्यायचं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९८४ च्या सुमारास प्रतिपिंडांच्या चाचण्यांसाठी ही रीत बसली, डेल्फिया नावाने ती जगभर गेली, आणि १९८६ मध्ये डीएनएच्या जोड्या मोजायलाही वापरली. द्रावण वाचायला भीतीदायक पण करायला सोपं : एनटीए नावाचा डायकीटोन १५ मायक्रोमोलर, टीओपीओ ५० मायक्रोमोलर, ट्रायटॉन एक्स-१०० हजारात एक भाग, ॲसिटिक आम्ल आणि थॅलेटने पीएच ३.२. डायकीटोन उजेड झेलतो, टीओपीओ उरलेलं पाणी हुसकावतो, ट्रायटॉन सगळ्यांना एका थेंबात गोळा ठेवतो. थॅलेट म्हणजे तेच केएचपी, ज्याने बीएस्सीचं प्रत्येक पोर सोडा टायट्रेट करतं.

मला खरं तर १९९० ची एक युक्ती जास्त आवडते : आयन एका प्रोबवर, अँटेना शेजारच्या प्रोबवर, लक्ष्यावर दोघं शेजारी बसले तरच उजेड, धुणं नाही. पण त्यासाठी दोन्ही प्रोब खास बनवून घ्यावे लागतील. बजेट नाही.

४ मार्च
उशिरा बघणारं यंत्र जळगावला आहे, पण प्लेट घेऊन दर आठवड्याला बस नको. आपलं आपणच बनवायचं. एडमंड बेकरेल यांनी १८५८ मध्ये केलं तेच : भोकांच्या फिरत्या चकत्या, ज्यातून उजेड आत जातो तेव्हा बघायचं भोक बंद. आम्ही एकच चकती घेतली, दुसरीचं काम ३६५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी उघडझाप करून करेल.

मोटर घरच्या जुन्या कूलरची. उन्हाळा तोंडावर, आईची परवानगी कशी मिळाली ते लिहीत नाही. चकती ॲल्युमिनियमची, काळा रंग दिलेली, भुसावळला कापून आणली. बारा खाचा, प्रत्येक दहा अंशांची.

हिशोब : मिनिटाला १४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ८४०० अंश. खाच उघडी १.१९ मिलिसेकंद, बंद २.३८. बंद असताना एलईडी दीड मिलिसेकंद पेटवायची आणि खाच उघडायच्या ०.४ मिलिसेकंद आधी विझवायची. युरोपियमचं त्या द्रावणातलं आयुष्य ०.७ च्या जवळ, म्हणजे थांबूनही ५६ टक्के उजेड शिल्लक. रंगाचा शून्य. वर मोबाइल, दहा सेकंदांचं एक्स्पोजर.

९ मार्च
लाल रेघ खरंच ६१५ च्या आसपास आहे का हे बघायला डीव्हीडीच्या तुकड्याचा स्पेक्ट्रोमीटर केला. मोजपट्टी म्हणून जुना सीएफएल बल्ब. त्यातला लाल ६११ ला, तो युरोपियमचाच. हिरवा ५४४ च्या जवळ, तो टर्बियमचा. म्हणजे ज्या दोन धातूंच्या मागे मी जानेवारीपासून बसने फिरतेय, ते दोघं आमच्या ओसरीत इतकी वर्षं लटकत होते.

चकती मात्र काम करत नाही. पहिली दोन मिनिटं ठीक, मग सगळं चित्र निळं होतं.

११ मार्च
निळं का ते कळलं. संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटर ११५० वर येते. अर्डुइनो (एलईडी चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) आपल्या घड्याळाने एलईडी पेटवत राहतो, मग उघड्या खाचेतच दिवा लागतो. आता खाचेजवळ स्लॉट सेन्सर बसवला. प्रत्येक खाच स्वतः सांगते, आणि आधीच्या फेऱ्याच्या वेळेवरून एलईडीची वेळ ठरते. आता पंप चालू असोत की बंद.

१५ मार्च
काल धुळवड. हात कोपरापर्यंत गुलाबी, साबणाने जात नाहीत. बाजारातल्या गुलाबीत बहुधा ऱ्होडामीन. यूव्हीखाली तळहात निखाऱ्यासारखा पेटलेला दिसला. मग तोच हात चकतीमागे धरला. काळा. पूर्ण काळा, आणि शेजारच्या कुपीत दहा नॅनोमोलर युरोपियम मंद लाल.

सरांना बोलावलं, आप्पांना बोलावलं. आप्पांनी स्वतःचा हात घालून बघितला, दोनदा. "हाई काय शे?" पानातल्या क्लोरोफिलचा अर्कही लावला, तोही काळा. तोंडी परीक्षेत हेच दाखवणार. होळीचा रंग जपून ठेवलाय.

मग गंमत म्हणून अंधारात चमकणारं रेडियमचं स्टिकर लावलं. ते चकतीमागेही ढळढळीत हिरवं. त्यातल्या नव्या पावडरीत युरोपियमच असतं, पण दोन प्रभाराचं, सोबत डिस्प्रोशियम. तिथला उजेड सापळ्यात अडकून मिनिटानुमिनिटं झिरपतो. लॅबमधून स्टिकर हद्दपार.

२७ मार्च
प्रोबला लेबल लावलं. अमिनो टोकाचा प्रोब, डीटीपीएचा डायॲनहायड्राइड भरपूर जास्त घेऊन, नाहीतर एकाच डीटीपीएला दोन प्रोब लटकतात. मग युरोपियम, मग जेल कॉलमवर सुटं युरोपियम वेगळं केलं.

पहिली प्लेट. बाराच्या बारा विहिरी, म्हणजे प्लेटमधले खळगे, लाल. लक्ष्य नसलेल्या चारही.

१ एप्रिल
एप्रिल फूल आम्हीच. माझ्या प्रकल्पातल्या जोडीदाराने त्याच तराजूवर युरोपियम क्लोराइड तोललं, त्याच हातमोज्यांनी प्लेट उघडली. हे द्रावण इतकं हावरट आहे की बोटाला लागलेलं न दिसणारं मीठही त्याला पुरतं. नियम : युरोपियमची पावडर दुसऱ्या खोलीत, हातमोजे दर वेळी नवे, टिप पुन्हा वापरायच्या नाहीत, काच आम्लात रात्रभर.

आणि धुण्याच्या बफरमध्ये आता मुद्दाम ईडीटीए घालतेय. भटकं युरोपियम तो उचलून नेतो, प्रोबवरच्याला हात लावू शकत नाही. डीटीपीएची पकड दहाच्या बावीसाव्या घाताच्या वरची आहे. जानेवारीतला चोर एप्रिलमध्ये झाडूवाला.

८ एप्रिल
ब्लँक विहिरी काळ्या.

विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या जनुकातला बेचाळीस अक्षरांचा कृत्रिम तुकडा : १० पिकोमोल, स्वच्छ लाल. १ पिकोमोल, दिसतं, तिन्ही वेळा. ०.१ पिकोमोल, ब्लँकपासून वेगळं काढता येत नाही. तीन अक्षरं चुकलेला तुकडा ५० अंशांवर धुतला की जातो.

१ पिकोमोल म्हणजे सहाशे अब्ज प्रती. पीसीआरला मोजक्या प्रती पुरतात. हे वाक्य अहवालात ठळक अक्षरांत घालायचं ठरवलं, नाहीतर तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक घालायला लावतीलच.

१७ एप्रिल
बाहेर ४३ अंश. बर्फात ठेवलेलं सॅम्पल बाकावर येईपर्यंत कोमट. सकाळी सहा ते दहाच काम.

२४ एप्रिल
पानाचा अर्क, हरण्याचा आणि निरोगी, प्रत्येकी चार विहिरी. आठही काळ्या. अर्कात मुद्दाम १० पिकोमोल कृत्रिम तुकडा घालून बघितलं, तो दिसतो, पण जरा फिका. म्हणजे पद्धत मेलेली नाही. पानातलं लक्ष्य आमच्या नजरेच्या खाली आहे, किंवा आरएनए तुटलंय. फेब्रुवारीत दोनदा रात्रभर लाइट गेली होती आणि डीप फ्रीझरमध्ये सकाळी पाणी होतं. दोन्हींतलं कुठलं, ते या सहा पानांवरून ठरणार नाही. ताजी पानं आता पावसाळ्यातच.

सरांना वाटतं, पानाचा भाग अहवालातून गाळावा, आलेख छान दिसतील. मी नाही म्हटलं. आठ काळ्या विहिरींचा फोटो जाणार, शेजारी दहा पिकोमोलचा. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "फोटोखाली एक्स्पोजर लिही."

३० एप्रिल
आखाजी. घरी खापरावरचे मांडे आणि आमरस, अंगणात झोका. मोटर परत करायची मुदत आजची होती. चकती काढली, पातं बसवलं, कूलर खिडकीत लावला. जास्त आवाज करतोय. चकती बसवायला शाफ्ट मी दोन मिलिमीटर घासला होता, ते अजून सांगितलेलं नाही.

नानांनी विचारलं, "मंग कळतं का आधी?" म्हटलं, अजून नाही. कुपीत कळतं, पानात नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, औंदा बांधावर काकडी लावायची नाही, मावा तिथूनच येतो. मग जरा थांबून, "श्रावणात पानं लागतील ना तुला? कापून ठेवू का बर्फात?"

म्हटलं, कापू नका. मीच सकाळी येईन, बर्फ घेऊन.